घटक ६ : हिवाळी भूदृश्याचे टाइमलॅप्स चित्रण आणि त्याचे निवेदन

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला टाइमलॅप्स चित्रणामागील काळाचे गणित सांगता येईल. साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याने हिवाळ्यातील पहाटेचे चित्रण कसे करावे हे समजेल. आणि अशा दृश्यासाठी मोजक्या शब्दांचे, खरे निवेदन लिहिता येईल. यांतील तिसरे उद्दिष्ट मराठीच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. पहिली दोन त्याच्या पूर्वतयारीसाठी आहेत.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, माहितीपटाच्या संहितेत निसर्गदृश्याला बहुधा दुय्यम स्थान मिळते. दोन मुलाखतींच्या मधली जागा भरून काढण्यासाठी एक सूर्योदय, एक नदी, एक पाखरांचा थवा घातला जातो आणि त्यावर वाटेल ते निवेदन चालते. या घटकात आपण त्याच्या उलट करणार आहोत. एकच दृश्य घेऊ आणि ते कसे टिपावे, त्यात काय दिसते, काय दिसत नाही आणि त्यावर काय बोलावे याचा सविस्तर विचार करू.

दृश्यासाठी आपण आंबेगाव तालुक्यातील निरगुडसर हे गाव निवडले आहे. घोड आणि मीना या नद्यांच्या खोऱ्याचा हा पूर्वेकडचा, सखल आणि बागायती भाग. पश्चिमेकडे भीमाशंकरच्या बाजूला सह्याद्रीची मुख्य रांग आहे. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या कालव्यांमुळे या पट्ट्यात ऊस वाढला आणि पारगावला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ज्या आंबेगावाचे नाव तालुक्याला आहे ते जुने गाव याच धरणाच्या पाण्याखाली गेले. आज तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो. ही माहिती येथे अवांतर नाही. पहाटे कॅमेऱ्यासमोर जे धुके उभे राहते त्याचा या पाण्याशी संबंध आहे.

‘टाइमलॅप्स’ या शब्दाला ‘कालसंक्षेप चित्रण’ असा पर्याय सुचवता येईल. तथापि छायाचित्रकारांच्या बोलण्यात इंग्रजी शब्दच रुळला आहे, म्हणून आपणही तोच वापरू.

६.२ अंकुराची वाढ : मराठी माणसाचा पहिला टाइमलॅप्स

टाइमलॅप्स हे संगणकयुगाचे अपत्य आहे असा अनेकांचा समज असतो. भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेतच हे तंत्र आहे. धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात दादासाहेब फाळके (१८७०–१९४४), १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून परतले. कथापट काढायचा तर भांडवल हवे होते आणि भांडवल देणाऱ्यांना ‘हलती चित्रे’ एका भारतीयाच्या हातून होऊ शकतात हे दाखवणे भाग होते. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्यासमोर कॅमेरा ठेवला आणि बीजातून वेल होईपर्यंतची वाढ टप्प्याटप्प्याने टिपली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही छोटी फिल्म पाहून कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

फाळक्यांनी रोज एक चौकट घेतली, असे या फिल्मविषयी नेहमी सांगितले जाते. फिल्म मिनिटभराहून थोडी मोठी होती आणि चित्रण महिनाभराहून जास्त चालले, असेही सांगितले जाते. ही विधाने शेजारी ठेवून गणित करून पाहा. मूकपटाच्या काळी एका सेकंदाला साधारण सोळा चौकटी धरल्या जात. रोज एक या हिशोबाने तीस दिवसांत तीस चौकटी, म्हणजे दोन सेकंदांपेक्षा कमी चित्र. एक मिनिटासाठी ९६० चौकटी लागतात. त्या तीस दिवसांत विभागल्या तर रोज बत्तीस येतात. तेव्हा ‘रोज एक’ ही गोष्ट शब्दशः घेण्याजोगी नाही, सांगायला सोयीची आहे इतकेच. फाळक्यांचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. उलट दिवसातून अनेकदा त्या कुंडीकडे परतणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. शिवाय टाइमलॅप्स करण्याची सुरुवात अशा भागाकारानेच होते, हेही त्यातून कळते.

स्वयंअध्ययन प्रश्न १ : आंबेगाव–जुन्नर भागात रब्बी कांद्याची लागण ते काढणी हा काळ १२० दिवसांचा धरा. रोज ठरावीक वेळी एक छायाचित्र घेतले आणि सेकंदाला २५ चौकटी या वेगाने दाखवले, तर दृश्य किती सेकंदांचे होईल? ते वीस सेकंदांचे हवे असल्यास रोज किती छायाचित्रे घ्यावी लागतील?

६.३ हिवाळा कॅमेऱ्याला कसा दिसतो

हिवाळी चित्रणावरील बहुतेक मार्गदर्शन थंड देशांत तयार झालेले असते. त्यात बर्फ असतो, गोठलेली तळी असतात, ढगांची धाव असते. आपल्या पठारावर पौष-माघात आकाश बहुधा निरभ्र असते. ढग नाहीत म्हणजे टाइमलॅप्सचे नेहमीचे भांडवलच नाही. मग या दिवसांत हलते काय? धुके, धूर, सावल्या आणि रात्रीचे तारे.

धुक्याची कारणमीमांसा थोडक्यात अशी. निरभ्र, निर्वात रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. जमिनीलगतची हवा थंड होते, जड होऊन उताराने सखल जागी साचते आणि तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात. ज्या जमिनीला रात्री पाणी दिलेले असते तिथे हे बाष्प अधिक. शेतीपंपांना अनेकदा रात्रीच्या पाळीत वीज मिळते. म्हणून ओढ्याकाठच्या उसावर दिसणाऱ्या धुक्यात निसर्गाबरोबर विजेच्या वेळापत्रकाचाही काही वाटा असतो. सूर्य उगवला की धुके लगेच विरते ही समजूतही नेहमी खरी ठरत नाही. पहिल्या उन्हाने हवा ढवळली जाते आणि कित्येकदा उगवतीनंतर काही काळ धुके अधिकच दाट होते. घाईने कॅमेरा आवरणाऱ्याच्या हातून नेमका हाच भाग निसटतो.

धुराचेही तसेच. थंडीच्या पहाटे जमिनीजवळ गार हवा आणि तिच्यावर उबदार हवेचा थर अशी उलटी रचना होते. गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा किंवा पाचट पेटवल्याचा धूर सरळ वर चढतो, त्या थराला टेकतो आणि आडवा पसरतो. नुसत्या डोळ्यांना हे हळू घडताना कळत नाही. टाइमलॅप्समध्ये धूर जणू अदृश्य छताला अडल्यासारखा दिसतो. ऊन तापले की ते छत मोडते.

सूर्य कोठे उगवेल हे आधी ठाऊक असावे लागते. निरगुडसर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथे सूर्य नेमक्या पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेकडे. उन्हाळ्यात देवळाच्या कळसामागे सूर्य पाहिला म्हणून जानेवारीत तिथेच तिकाटणे लावणारा निराश होतो. आणखी एक गंमत : सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असला, तरी सर्वांत उशिराचा सूर्योदय आपल्याकडे जानेवारीच्या मध्याला, सात वाजून आठ-दहा मिनिटांच्या सुमारास होतो. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो. ती वाढ त्या आठवड्यात संध्याकाळच्या टोकाला होत असते.

६.४ कॅमेऱ्याची मांडणी

टाइमलॅप्स म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेली स्थिर छायाचित्रे सलग दाखवणे. दोन छायाचित्रांमधील वेळेला आपण ‘अंतराल’ म्हणू. घटनेचा एकूण वेळ सेकंदांत मांडावा, त्याला हव्या असलेल्या दृश्याच्या चौकटींनी भागावे. येणारा आकडा म्हणजे अंतराल. समजा, सकाळी सात ते नऊ या दोन तासांतील धुके टिपायचे आहे. दोन तासांचे ७२०० सेकंद. दर आठ सेकंदांना एक छायाचित्र घेतले तर ९०० छायाचित्रे होतील आणि सेकंदाला २५ या वेगाने दृश्य ३६ सेकंद चालेल. कच्च्या स्वरूपातील एक छायाचित्र २५ मेगाबाइटचे धरले, तर कार्डात साडेबावीस गिगाबाइट जागा हवी. या काळात सूर्य आपल्या स्वतःच्या रुंदीइतका सरकायला दोन मिनिटे घेतो, म्हणजे पंधरा चौकटी, पडद्यावर अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त. दृश्य पळते आहे असे वाटेल की वाहते आहे असे, हे अशा हिशोबाने आधीच कळते.

कॅमेरा पूर्णतः हस्तचलित पद्धतीवर ठेवावा. छिद्र, आयएसओ, रंगसंतुलन आणि फोकस यांपैकी काहीही यंत्रावर सोडले, तर प्रत्येक छायाचित्राच्या वेळी ते वेगळा निर्णय घेईल आणि चित्र लुकलुकेल. दूरच्या झाडावर फोकस साधून भिंगाचे स्वयंचलित बटण बंद करावे. तिकाटण्यावर असताना भिंगातील कंपनरोधक सोयही बंद असावी. तिकाटण्याच्या मधल्या दांड्याला दगड भरलेली पिशवी टांगली की कॅमेरा जागचा हलत नाही.

प्रकाशमापनाबाबत एक सावधानता. दाट पांढरे धुके चौकटीत असले की कॅमेऱ्याचा मापक फसतो. त्याला सगळे जग मध्यम करडे हवे असते. बर्फाळ प्रदेशातील छायाचित्रकारांना हीच अडचण येते आणि उपायही तोच : मापक सांगेल त्यापेक्षा साधारण एक पायरी अधिक प्रकाश द्यावा. मात्र सूर्य चौकटीत येणार असेल तर ही सूट घेऊ नये.

झुंजुमुंजूपासून लख्ख उन्हापर्यंत प्रकाश दहा पायऱ्यांहून अधिक, म्हणजे हजारपटीहून जास्त वाढतो. एका मांडणीत तो मावत नाही. अनुभवी मंडळी चित्रण चालू असताना हलक्या हाताने मांडणी बदलत जातात. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. अंधाराचा वीस मिनिटांचा एक तुकडा आणि उगवतीनंतरचा दुसरा तुकडा वेगवेगळे घ्यावेत आणि संकलनात जोडावेत. प्रेक्षकाला सांधा दिसला तरी हरकत नाही. लुकलुक मात्र कोणी सहन करत नाही.

थंडीचे म्हणून तीन त्रास आहेत. बॅटरी लवकर उतरते. दुसरी बॅटरी अंगातल्या खिशात उबेला ठेवावी. काच उघड्या आकाशाखाली गार पडली की तिच्यावर दहिवर धरते आणि नऊशेपैकी शेवटची चारशे छायाचित्रे आंधळी निघतात. भिंगाला पुढचे गोल आवरण लावावे आणि भिंगाभोवती लोकरी मोजा गुंडाळावा. घरी परतल्यावर कॅमेरा थेट उबदार खोलीत उघडू नये. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तासभर ठेवला की बाष्प पिशवीवर धरते, यंत्रावर नाही.

तुमच्यापैकी अनेकांजवळ स्वतःचा कॅमेरा नसेल. लग्नसमारंभाचे चित्रण करणाऱ्या मित्राचा मागून आणताना त्याला स्पष्ट सांगा की एका सकाळी नऊशे वेळा शटर उघडझाप करणार आहे. साध्या डीएसएलआरच्या शटरचे आयुष्य लाखभर उघडझापांच्या आसपास धरले जाते. पाच सकाळींत त्यातले साडेचार हजार आपण खर्च करतो. पर्याय म्हणून चलचित्र घेऊन संकलनात त्याचा वेग वाढवता येतो. चित्राची प्रत थोडी उतरते, पण मैत्री टिकते.

६.५ रात्र, तारे आणि बिबट्या

जानेवारीच्या संध्याकाळी पूर्वेला मृग नक्षत्र वर येते, मागोमाग व्याध. कृत्तिका डोक्याकडे सरकलेल्या असतात. घड्याळे नव्हती तेव्हा याच चांदण्या पाहून मोटकरी उठत असत. ध्रुवतारा या भागात क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवरच असतो, त्यामुळे उत्तरेकडे कॅमेरा लावला तर बहुतेक तारे त्याच्याभोवती पूर्ण वर्तुळ न काढता क्षितिजाआड जाताना दिसतात. हिमालयात घेतलेल्या तशा चित्रांपेक्षा आपले चित्र वेगळे येते ते यामुळे.

जुन्नर तालुक्यात खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या खोडदच्या परिसरात आणि तिथून निघणाऱ्या तीन फाट्यांवर पसरलेल्या आहेत. आकाशातील स्रोताचा मागोवा घेत त्या संथपणे वळतात. टाइमलॅप्ससाठी याहून योग्य विषय शोधून सापडणार नाही. परंतु ही दुर्बीण अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपते. कॅमेऱ्यातील वायफाय, ब्लूटूथ आणि बिनतारी रिमोट यांचा तिला उपद्रव होऊ शकतो. परवानगीशिवाय आवारात चित्रण करू नये आणि बाहेरूनही बिनतारी सोयी बंद ठेवाव्यात. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने ती सर्वसामान्यांसाठी खुली केली जाते. चौकशीची ती उत्तम वेळ.

आता सर्वांत गंभीर बाब. जुन्नर, आंबेगाव, शिरूर हा पट्टा उसात राहणाऱ्या बिबट्यांचा आहे. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्या निवारा केंद्र आहे ते उगाच नव्हे. तोडणीच्या हंगामात, म्हणजे नेमक्या हिवाळ्यात, फड रिकामे होऊ लागतात आणि बिबट्यांचा आसरा हलतो. या भागात माणसे, विशेषतः मुले, दगावली आहेत. तिकाटण्याशेजारी अंधारात एकट्याने खाली बसून राहणे म्हणजे नको ते संकट ओढवणे होय. उसाच्या बांधावर कॅमेरा लावू नका. गच्ची, पाण्याच्या टाकीचा जिना, वस्तीतील देवळाचा ओटा अशी उंच, उजेडाची जागा निवडा. सोबत किमान एक माणूस असू द्या. बसण्यापेक्षा उभे राहा. या अभ्यासक्रमातील कोणत्याही उपक्रमासाठी पहाटेच्या अंधारात शेतात जाण्याची अपेक्षा नाही. उंचीवरून धुके अधिक चांगले दिसते, हेही खरेच.

६.६ काळ कोणाचा दाबायचा?

कथनशास्त्रात आपण कथेतील काळ आणि निवेदनाचा काळ हा भेद शिकलो. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांच्या मांडणीनुसार निवेदक कधी वर्षे एका वाक्यात उरकतो, कधी क्षणावर थांबतो, तर कधी संवादांतून घटना तिच्याच गतीने चालू देतो. टाइमलॅप्स हा पहिला प्रकार आहे. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये (१९५६) महिन्यामहिन्याने निसर्ग येतो, तिथेही वर्षाचा काळ दाबलेला आहे, परंतु लेखिका हवे तिथे थांबते. कॅमेऱ्याच्या अंतरालाला असे थांबता येत नाही. आठ सेकंद ठरले की आठच. थांबण्याचे काम निवेदनावर येते.

त्यातूनच खरा प्रश्न उभा राहतो. निरगुडसरच्या सकाळी सात ते नऊ या वेळेत केवळ धुके हलत नाही. दूध घालायला गाड्या निघतात, तोडणीची टोळी केव्हाच फडात उतरलेली असते, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढतात. आठ सेकंदांच्या अंतरालाने टिपले तर ही माणसे मुंग्यांसारखी थरथरत धावतात. प्रेक्षागृहात हसू येते. धुक्याला घाई झालेली पाहण्यात आनंद आहे. वाकून कोयता चालवणाऱ्या बाईला तशी घाई लावण्यात तिच्या श्रमाची थट्टा होते. म्हणून निसर्गाचा काळ दाबावा, कष्टाचा काळ दाबू नये, असे मी म्हणेन. मोळी उचलण्याला जितके क्षण लागतात तितके प्रेक्षकालाही द्यावेत.

यावर आक्षेप घेता येतो. उभा फड पंधरा दिवसांत कसा संपत गेला हे रोजच्या एका छायाचित्रातून दाखवले, तर श्रमाचा आवाका इतर कोणत्याही प्रकारे कळणार नाही इतका स्पष्ट होतो. आक्षेप योग्य आहे. फक्त त्या चित्रात काम दिसते, काम करणारी दिसत नाही, आणि ती निवेदनात यावी लागते.

६.७ निवेदनाचे दोन नमुने

वर मोजलेल्या ३६ सेकंदांच्या धुक्याच्या दृश्यासाठी प्रथम नेहमीच्या पठडीतील निवेदन पाहा :

“निसर्गाची ही अद्भुत किमया पाहा! धुक्याची शुभ्र दुलई पांघरून निरगुडसर गाव अजून साखरझोपेत आहे. जणू स्वर्गच पृथ्वीवर अवतरला आहे.”

यात दुलई, साखरझोप आणि स्वर्ग या तिन्ही प्रतिमा वापरून गुळगुळीत झालेल्या आहेत. पण हा लहान दोष झाला. मोठा दोष असा की विधान खोटे आहे. गाव झोपेत नाही. रात्रीच्या पाळीचे पाणी धरून कोणी नुकताच परतला आहे, कोणी धार काढून मोकळा झाला आहे. ‘पाहा’ हा शब्दही निरुपयोगी, कारण प्रेक्षक पाहतोच आहे.

आता दुसरा नमुना :

“रात्रीच्या पाळीचे पाणी पहाटे पाचला बंद झाले. थंड झालेली ओली हवा नदीच्या खोलात साचली आणि तिचे धुके झाले. साडेआठपर्यंत ते उसाच्या तुऱ्यांवर होते. तेवढ्या वेळात पलीकडच्या फडात तोडणीवाल्यांनी अर्धी गाडी भरली. ती या चित्रात दिसत नाही; तिचा आवाज तेवढा ऐका.”

हे चाळीस शब्द आहेत. संथ मराठी निवेदन सेकंदाला दोन शब्द या गतीने धरले तर वीस सेकंद लागतात आणि सोळा सेकंद मोकळे राहतात. ते मोकळेच ठेवावेत. टाइमलॅप्सला स्वतःचा ध्वनी नसतो; म्हणून कोयत्याचा, बैलांच्या गळ्यातील घंटांचा किंवा ट्रॅक्टरचा खरा ध्वनी वेगळा मुद्रित करून या जागेत घालता येतो. चित्र दाबलेल्या काळात आणि ध्वनी खऱ्या काळात, अशी रचना होते. दुसऱ्या नमुन्यात विशेषणे जवळजवळ नाहीत, वेळा आहेत, आणि चित्रात जे नाही त्याची कबुली आहे. अर्थात यातील प्रत्येक वेळ प्रत्यक्ष नोंदीवरून आलेली असली पाहिजे. पाणी चारला बंद झाले असेल तर ‘पाचला’ हा शब्द कानाला कितीही बरा वाटला तरी लिहिता येणार नाही.

शब्दनिवडीविषयी थोडे. मराठीत या वेळेसाठी पहाट, झुंजुमुंजू, तांबडे फुटणे, रामप्रहर, कोवळे ऊन असे बारकावे आहेत; थंडीसाठी गारवा, गारठा, कडाका, हुडहुडी. हे समानार्थी नाहीत. गारवा सुखाचा असतो, गारठा नसतो. झुंजुमुंजूला माणूस ओळखू येत नाही, तांबडे फुटल्यावर येतो. कॅमेऱ्याच्या भाषेत हा दोन-तीन पायऱ्यांचा फरक आहे. निवेदनात शब्द वापरण्यापूर्वी त्या चौकटीत खरोखर किती उजेड आहे ते पाहावे.

स्वयंअध्ययन प्रश्न २ : दुसऱ्या नमुन्यातील शेवटचे वाक्य काढून टाकले तर निवेदनाचा परिणाम कसा बदलेल? आठ ते दहा ओळींत लिहा.

६.८ क्षेत्रीय कार्य

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात आपल्या गावातील किंवा शहरातील एक सुरक्षित, उंच जागा निवडा. सूर्योदयानंतरचा एक तास दर सहा सेकंदांना एक याप्रमाणे टिपा. कॅमेरा नसल्यास मोबाइल चालेल; तोही नसल्यास दर पाच मिनिटांनी काय दिसते ते एका वाक्यात वहीत नोंदवा. त्याच तासात आसपास कोण कोणते काम करत होते, त्यांना विचारून वेळेसह लिहून घ्या. कोणाचे चित्रण करणार असल्यास आधी त्यांची संमती घ्या. हाती येणारे दृश्य किती सेकंदांचे होईल ते काढा आणि त्याच्या निम्म्या वेळात संपेल इतकेच निवेदन लिहा. नोंदवही आणि निवेदन दोन्ही संपर्कसत्राला सोबत आणावे. समंत्रक प्रथम नोंदवही पाहतील.